उजव्या पावलाचा ठसा

धाकट्याच्या बायकोला जुळी झाली, त्याच वर्षी थोरल्याचा पाय गेला. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या. मंगळवारी जुळी झाली आणि शनिवारी थोरला घरामागच्या खाणीतून मातीची पाटी डोक्यावर घेऊन वर येत होता, तेव्हा काठाची ओली कड सुटली. पाटी एकीकडे, तो एकीकडे. उजवा पाय आतल्या बाजूला दुमडून सगळा भार त्याच्यावर आला. आवाज झाला तो त्याने स्वतः ऐकला. ओली फांदी मोडावी तसा. घरात तेव्हा पाणी तापत होतं, दोन पोरं दोन सुरांत रडत होती. त्याने मारलेल्या हाका बराच वेळ कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. ही गोष्ट तो पुढे कधी विसरला नाही.

हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने टाच ओढली, अंगठा फिरवला, पट्ट्या घालून घट्ट बांधलं आणि सांगितलं, "सहा आठवडे भुईला टेकवायचा नाही."

घर कुंभारांचं. रोज चाक फिरलं तरच भट्टी लागणार. चाक एकच आणि ते पायाने फिरवायचं. खाली दगडी चकती, वर लाकडी थाळी, मधे उभा दांडा. फळीवर बसायचं, उजव्या पायाने खालची चकती ढकलायची आणि वर थाळीवर हातांनी घडवायचं. त्या फळीवर आधी बाप बसला. बापाच्या डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासं झाल्यावर थोरला बसला. धाकट्याने तोवर माती तुडवली, लाकडं फोडली आणि थोरल्याकडे पाहून पाहून काय शिकला असेल ते शिकला.

"तुझा पाय बरा होईपर्यंत मी बसतो, दादा," धाकटा म्हणाला.

"बस की. दुसरं कोण आहे?"

थोरल्याची खाट ओट्यावर होती. तिथून चाक समोर दिसे. पहिले दोन दिवस धाकट्याच्या हातून माती निसटत होती, तेव्हा थोरला चांगलं जेवला. चौथ्या दिवशी कुंड्या उभ्या राहू लागल्या. आठव्या दिवशी शेजारचा सुतार कुंपणावर रेलून म्हणाला, "वा! याचा काठ तर थोरल्याहून सरळ येतोय."

नवव्या दिवशी थोरल्याने पट्ट्या सोडल्या. बायको म्हणाली, "अहो, सहा आठवडे सांगितलेत."

"मला नको शिकवूस."

तो लंगडत गेला, धाकट्याला उठवलं आणि फळीवर बसला. अर्धा दिवस बसला. चकतीला पाय लावला की घोट्यातून कळ मांडीपर्यंत जाई, तरी दातावर दात ठेवून त्याने अकरा कुंड्या काढल्या. बाराव्या कुंडीला पाय चकतीवरून घसरला, पुन्हा आतल्या अंगाला वळला. संध्याकाळी घोटा भोपळ्याएवढा झाला होता.

त्यानंतर पाय बरा झाला असं कधी म्हणता आलं नाही आणि वाईट आहे असंही नाही. सूज उतरली. चालता येई. पण उंबरा ओलांडताना, खडा पायाखाली आल्यावर, कधी कधी सपाट अंगणातसुद्धा, तो एकाएकी आतल्या बाजूला कलंडे. महिन्यातून दोनदा, तीनदा. चाकाच्या चकतीवर तर नेमका दगा देई. थोरला चाकावरून उठला तो उठलाच. त्याला माती तुडवायला दिलं. तुळईला दोर टांगलेला असे, तो धरायचा आणि मातीच्या ढिगावर बाहेरून आत गोल गोल जायचं. टाच आधी, मग चवडा, एक पाऊल दुसऱ्याला खेटून. चिखल चहूबाजूंनी पाय धरून ठेवी, त्यामुळे तिथे घोटा वळत नसे. तेवढं सुख होतं.

अशी दोन वर्षं गेली.

दोर धरून थोरला मातीत फिरे तेव्हा प्रत्येक फेरीला एकदा त्याची पाठ चाकाकडे होई आणि एकदा तोंड. तोंड झालं की दिसे धाकटा. धाकट्याने फळी दोन बोटं वर उचलून घेतली होती. पाण्याचं भांडं डावीकडचं उजवीकडे नेलं होतं. फळीच्या कडेला त्याने पोरांच्या कापडाची घडी ठेवली होती बसायला. ही प्रत्येक गोष्ट थोरल्याच्या काळजात कुसळासारखी रुतून बसली होती. गिऱ्हाईक आलं की आधी धाकट्याशी बोले. जुळी आता चालू लागली होती आणि अंगणात एकमेकींच्या पाठीमागे मोठ्या काकाची चाल करून दाखवत. एक पाऊल नीट, एक पाऊल फेंगडं. सगळे हसत. थोरलाही हसे. मग बायकोला म्हणे, "शिकवल्याशिवाय करतात का गं पोरं असं?"

"दोन वर्षांच्या पोरींना कोण शिकवणार आहे?"

"तू धाकट्याच्या बाजूची झालीस."

"मी भाकऱ्या थापायच्या बाजूची आहे. उठा, ढीग सुकतोय."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी रोपवाटिकावाला आला. त्याला दोनशे मोठ्या कुंड्या हव्या होत्या, कमरेएवढ्या, झाडं लावण्यासाठी. एवढं काम घराला बापाच्या काळातही मिळालं नव्हतं. महिनाभर चाक थांबलं नाही. थोरला रोज दोन ढीग तुडवत होता आणि एवढं काम कुणाच्या नावावर जमा होतंय ते त्याला दिसत होतं.

तेव्हा उजव्या पायाची एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. टाच मातीत खोल दाबून पिळायची असते, तसं केलं की घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली सुई टोचल्यासारखं होई. म्हणून तो उजवा पाय नुसता ठेवी आणि उचली. डावा दाबे, उजवा शिवून जाई. त्याला हे कळत होतं. सांगितलं असतं तर तुडवणंही धाकट्याच्या बायकोच्या वाटणीला गेलं असतं. मग या घरात आपण कोण, राखण करणारा कुत्रा? तो गप्प राहिला.

भट्टी लावली. सुरुवातीचा मंद जाळ सरून लाकूड वाढवल्यावर आतून पहिला आवाज आला. मग दुसरा. मग रिकाम्या पिंपावर दगड पडावेत तसे येतच राहिले. धाकटा भट्टीच्या तोंडाशी उभा होता. प्रत्येक आवाजाला त्याचे खांदे वर जात होते.

थोरल्याला त्या वेळी काय वाटलं ते त्याने मरेपर्यंत बायकोलासुद्धा सांगितलं नाही. त्याला बरं वाटलं. छातीवरून धोंडा उतरावा तसं. फूट, तो मनात म्हणाला. अजून एक.

भट्टी थंड झाल्यावर ऐंशीच्या वर कुंड्या खापऱ्या होऊन निघाल्या. थोरल्याने एक तुकडा उचलला. तुटलेल्या कडेला मातीचे पापुद्रे दिसत होते, आणि मधे सुपारीएवढा कोरडा खडा तसाच होता, न मळलेला. त्याने तो तुकडा ढिगाऱ्यात पालथा घातला.

रोपवाटिकावाला आला. खापऱ्यांकडे बघून धाकट्याला म्हणाला, "तुझा हात चांगला म्हणून ऐकलं होतं. हा हात?"

धाकट्याने खाली बघितलं.

"काय चुकलं असेल?" रोपवाटिकावाल्याने थोरल्याला विचारलं.

थोरला म्हणाला, "चाकावर घाई झाली असेल. एवढ्या मोठ्या कुंडीला बुड जाड-बारीक राहून चालत नाही. मी असतो तर रोज दहाच्या वर काढल्या नसत्या."

"असं आहे होय."

धाकटा एवढंच म्हणाला, "होय. घाई झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला दोर धरून तुडवून झाला आणि पाय धुवायला गेला. परत आला तेव्हा म्हातारा बाप मातीच्या ढिगापाशी उकिडवा बसला होता. डोळ्यांनी त्याला माणसांच्या सावल्या तेवढ्या दिसत. बोटं मात्र अजून शाबूत होती. तो एकेका पावलाच्या ठशात बोटं आडवी लावून खोली बघत होता.

"बाबा, उन्हात काय करताय?"

"मोजतोय." म्हाताऱ्याने डाव्या ठशात बोटं घातली. "चार बोटं." मग उजव्यात. "दोन. इथे दीड. ही बघ टाच, हिला पीळच नाही." तो हळूहळू ढिगाभोवती सरकला. "सगळा ढीग असाच आहे. अर्धी माती मळलेली, अर्धी नुसती शिवलेली."

थोरला ओल्या पायांनी ढिगाच्या कडेला थांबला.

"कधीपासून?"

"दुखतं, बाबा."

"ते विचारलं नाही मी."

"दोन-तीन महिने."

म्हातारा उठायला लागला. थोरल्याने हात पुढे केला तो त्याने घेतला नाही, गुडघ्यावर हात टेकून आपला आपण उठला. "मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "सांगायचं ते तुझं तू सांग. पण आधी तो पाय दवाखान्यात दाखव. खोट मातीत राहिली तर भांडं फुटतं. घरात राहिली तर काय फुटतं ते मला बघायचं नाहीये."

तालुक्याच्या दवाखान्यात थोरला बायकोला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई त्याच्याहून बऱ्याच लहान. आधी हाडाचा फोटो काढून आणायला लावला, तो खिडकीशी धरून पाहिला.

"हाड चांगलं आहे. मोडलेलं नव्हतंच."

"मग आवाज?"

"सांगते. वळतो कधी?"

"खड्यावर. उंबऱ्यावर. कधी उगाचच."

"वळेल अशी भीती वाटते?"

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "जिना उतरताना कठडा सोडत नाहीत."

बाईंनी त्याला पाय लोंबते सोडून बसवलं. एका हाताने नडगी धरली, दुसऱ्याने टाच पुढे ओढली. आधी डावी. ती जागची हलली नाही. मग उजवी. ती टेबलाच्या खणासारखी पुढे सरकली आणि बाहेरच्या हाडासमोर कातडीला खळगा पडला. थोरल्यालाही तो दिसला. मग टाच आत कलती करून बघितली, तिथेही तेच.

"आता एका पायावर उभे राहा. डोळे मिटा."

डाव्यावर तो उभा राहिला, बायकोने तीसपर्यंत मोजलं. उजव्यावर चौथ्या आकड्याला तो टेबलावर पडता पडता राहिला.

"घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडं बांधून ठेवणारे पट्टे असतात," बाई म्हणाल्या. "तुमचे दोन पट्टे तेव्हा तुटले. तो आवाज त्यांचा. ते जुळले, पण लांब होऊन जुळले. नाडी सैल झाली की विजार राहील का कमरेला? आणि दुसरं, आपण कुठे टेकलोय ते तुमच्या पायाला समजेनासं झालंय. पट्टे तुटल्यावर किती दिवस आराम केलात?"

थोरला विजारीची घडी सारखी करू लागला.

"नऊ," बायको म्हणाली.

"नऊ? का?"

खोलीतला पंखा फिरत होता. थोरल्याने घोट्यावरून हात फिरवला. का ते त्याला चांगलं ठाऊक होतं. काठ सरळ येतोय म्हणून. पण असं कारण कुठल्या दवाखान्यात सांगतात?

"काम होतं," तो म्हणाला.

"ऑपरेशन करून टाका, बाई," तो पुढे म्हणाला. "एकदाच काय ते."

"लागलं तर बघू. आधी तीन-चार महिने व्यायाम. बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. कामाच्या वेळी घोट्याला हा कापडी पट्टा बांधायचा. माती तुडवणं बंद. रोज एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. पायरीवर टाचा वर-खाली. हा रबर खाटेला बांधून पाऊल बाहेर ओढायचं. ते जमलं की हलत्या वस्तूवर उभं राहायचं."

बाहेर आल्यावर थोरला म्हणाला, "चाळीस वर्षं उभा आहे मी. आता उभं राहायला शिकवतायत."

बायको म्हणाली, "तेव्हा सहा आठवडे बसायला शिकला असतात तर ही वेळ आली नसती."

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. थोरल्याची मुंगीसुद्धा लंगडी होती. रोज सकाळी तो ओट्यावर एका पायावर उभा राही. सुतार कुंपणापलीकडून विचारी, "काय बगळेबुवा, मासा लागला का?" जुळ्या पोरी त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका पायावर उभ्या राहत आणि त्याच्या आधी पडत नसत. समोर माती आता धाकट्याची आणि थोरल्याची बायको आळीपाळीने तुडवत होत्या. बायकांच्या तुडवण्यालाही उणं काढावं असं काही नव्हतं, आणि तेही त्याला सलत होतं.

हलत्या वस्तूवर उभं राहायची वेळ आली तेव्हा धाकट्याने एक फळी आणली. खाली त्याने भाजलेल्या मातीचा अर्धा गोळा बसवला होता, गुळगुळीत, जुन्या कापडाची घडी खाली घालून.

"बघ दादा, बाई म्हणाल्या तशी होतेय का. मी उभा राहून पाहिली, चांगली डुलते."

"ठेव तिथे."

धाकट्याच्या हातचं पायाखाली घ्यायचं त्याला नको होतं. त्याने पोत्याची घडी केली. पोतं नीट हलत नव्हतं. आठ दिवसांनी, घरची माणसं खाणीवर गेलेली पाहून, तो फळीवर चढला. पहिल्या दिवशी सात आकडे. महिन्याने साठ. डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलं, तेव्हा बायकोने फळी बरोबर नेली.

"छान आहे की. कोणी केली?"

"मीच," थोरला म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे फिरवली.

टाच ओढून पाहिली तर ती अजून थोडी सरकत होती. पण डोळे मिटून तो उजव्या पायावर तीसपर्यंत उभा राहिला. तीन महिन्यांत एकदाही पाय वळला नव्हता. "पट्टे तेवढेच सैल आहेत," बाई म्हणाल्या, "पण आजूबाजूचे स्नायू आता राखण करतात. ऑपरेशन नको. व्यायाम सोडू नका. चाकावर बसा, पट्टा बांधून."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला चाकापाशी गेला. रात्रभर मनात भांडण घोळवलं होतं. धाकटा काय म्हणेल, आपण काय म्हणायचं, बापाला मधे कसं घ्यायचं. धाकट्याने त्याला पाहिलं आणि चाक थांबवलं. कापडाची घडी उचलली, फळी पुसली, दोन बोटं खाली उतरवली. पाण्याचं भांडं डावीकडे ठेवलं.

"बस, दादा."

भांडण तसंच थोरल्याच्या तोंडात राहिलं. "आणि तू?"

"मी तुडवतो. मी तुलाच म्हणणार होतो." धाकटा हातावरची माती खरडत होता. "त्या भट्टीनंतर माझा हातावरचा विश्वास उडालाय. बुड तीन-तीनदा चाचपतो. चाचपलं तरी वाटतं, आत कुठेतरी खोट राहिलीच असणार. तू तेव्हा बरोबर बोललास."

ओट्यावर म्हातारा बसला होता. त्याने मान इकडे वळवली आणि वाट पाहत राहिला. थोरला फळीवर बसला, चकतीला पाय लावला. पाय जागेवर राहिला. म्हाताऱ्याने मान परत फिरवली.

हात विसरले नव्हते. आठवड्यात जुनी लय आली. पण सुख म्हणावं तर तेही धड लागेना. समोर दोर धरून धाकटा फिरत होता आणि प्रत्येक फेरीला एकदा त्याचं तोंड चाकाकडे होत होतं. थोरला शोधत होता त्या तोंडावर काही दिसतंय का, आपल्या तोंडावर दोन वर्षं होतं तसं. तिथे काही नव्हतं. धाकटा खाली बघून पावलं मोजत होता. हेवा करायलाही त्याला येत नव्हतं, आणि त्याचाही थोरल्याला हेवा वाटला.

भट्टी लागली. सगळी रात्र आणि दिवस एक आवाज आला नाही. रोपवाटिकावाला राहिलेल्या कुंड्या घ्यायला आला. त्याने कुंडी बोटाने वाजवली, कडेवर नख फिरवलं.

"मागल्या खेपेला असंच का नाही झालं? दगडासारखी आहे. माती कोणी मळली?"

"मी," धाकटा म्हणाला.

"माती म्हणजे लोणी झालंय. चाक काय, कोणीही फिरवेल. खरं काम पायांचं."

थोरल्याला तेही खुपलं. तेवढ्यात धाकट्याने पायाकडे बघितलं आणि दोन वर्षांची पोर हसावी तसा हसला.

"चला," तो म्हणाला, "हात नाहीत तर नाहीत. पाय तरी चांगले निघाले माझे."

रोपवाटिकावाल्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. धाकटा पुन्हा ढिगावर चढला होता. थोरला चाकावर बसला, उठला, ढिगाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"मागच्या कुंड्या तुझ्यामुळे नाही फुटल्या."

"जाऊ दे ना, दादा."

"माझा उजवा पाय खाली जात नव्हता. दोन बोटं जात होता. मला माहीत होतं. खापरीत कोरडा खडा पाहिला मी, तेव्हाही माहीत होतं. त्या माणसासमोर बोललो तेव्हाही."

धाकट्याने दोर धरलेला होता. मातीत पाय हळूहळू खाली जात होते. मग त्याने एक पाय उपसला, दुसरा उपसला, हौदावर जाऊन धुतले. चाकापाशी गेला. फळी दोन बोटं वर उचलली, भांडं उजवीकडे सरकवलं आणि बसला. थोरल्याकडे त्याने पाहिलं नाही.

थोरल्याने पायाला पट्टा आवळला आणि दोर धरला. उजवी टाच पूर्ण खाली घातली, पिळली. चार बोटं. दुखलं नाही. पाय बरा झाला होता आणि तो चाकावर नव्हता.

धाकटा त्याच्याशी बोलेनासा झाला. माती हवी असली की बायकोकरवी निरोप धाडी. दादा हा शब्दच घरातून गेला. म्हाताऱ्याने मधे तोंड घातलं नाही. थंडीत त्याची छाती भरली आणि तो खाटेला खिळला. शेवटच्या दिवशी दोघं मुलं दोन बाजूंना होती. त्याने पाणी मागितलं ते धाकट्याकडे. तेवढंही थोरल्याला लागलं.

खांदा द्यायला पुढे दोघं भाऊ होते, मागे सुतार आणि आणखी एक शेजारी. खाणीच्या कडेची वाट दगडगोट्यांची. थोरल्याचं सगळं लक्ष उजव्या पायात होतं.

"दादा," शेजारून धाकट्याचा आवाज आला, "पुढे खड्डा आहे. डावीकडून घे."

थोरल्याने डावीकडून घेतलं.

धाकट्याला जुळी झाली त्याच्या तिसऱ्या वर्षी, थंडीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास म्हातारा वारला.